बाबा, आईला 'तू' म्हणून सांगा

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलायचं म्हटलं तर आई, तू "जेवलीस का?" विचारतेस आणि बोलणं तिथंच वळतं. म्हणून लिहायला बसले.

गेल्या रविवारी उपासनेत बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 31वा अध्याय वाचला. सद्गुणी स्त्रीची वचनं लहानपणापासून ऐकतेय, पण एक गोष्ट या खेपेलाच ध्यानात आली. 10व्या वचनापासून शेवटपर्यंत 22 वचनं आहेत, मूळ हिब्रूत मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेली. त्यात सगळीकडे 'ती'. ती रात्र सरायच्या आत उठते, ती गरिबाला हात देते. 29व्या वचनात मात्र नवरा बोलतो, आणि तो 'तू' म्हणतो. तू त्या सगळ्यांहून श्रेष्ठ आहेस, असं थेट तिलाच.

बाबा, रात्रीच्या प्रार्थनेत तुम्ही न चुकता आईसाठी देवाचे आभार मानता. मी ते ऐकतच मोठी झाले. पण 'आमेन' झालं की आईला तुमचं पहिलं वाक्य, "दाराला कडी लावलीस का?" देवाला सांगितलं म्हणजे आईला पोचलं, असंच तुम्ही धरून चालता. तिलाही ऐकावंसं वाटत असेल हो.

तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, आपल्या घरात कमरेइतकं शिरलं. ओसरल्यावर आपण परत आलो तेव्हा आईचं लग्नातलं बायबल चिखलानं फुगलेलं होतं. सगळे म्हणाले, नवीन घेऊ. तुम्ही आठवडाभर पंख्याखाली बसून एकेक पान सुट्टं केलंत, मध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्यात, सकाळ-संध्याकाळ त्या बदलल्यात. पानं पिवळी पडली, पण वाचता येतात. आणि आई, तू काय केलंस? शेजारच्या काकूंना सांगितलंस, "ह्यांच्यामुळं वाचलं गं." ह्यांना स्वतःला कधी सांगितलंस का?

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं. मीही तशीच वागत आले. मागच्या महिन्यात मी तापानं पडले होते, तर ह्यांनी ऑफिस सांभाळून पोरांचे डबे केले, आणि मी काय बोलले, तर पोळ्या जाड झाल्यात म्हणून. त्यांचा चेहरा एवढासा झाला. दोन दिवसांनी मी माफी मागितली आणि म्हणाले, तुम्ही होता म्हणून मी निवांत झोपले. ते काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री प्रार्थनेला त्यांचा आवाज भरून आला होता. बायबलमध्ये प्रेषित पौलानं इफिसकरांना पत्र लिहिताना नवऱ्याला प्रीती करायला सांगितली आणि बायकोला त्याचा मान राखायला. त्यातला मान तोंडानं बोलूनही राखायचा असतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

तुमच्या लग्नाला येत्या महिन्यात 40 वर्षं होतील. उपकारस्तुतीची उपासना ठेवूच, पाळकांशी मी बोलते. पण बाबा, त्याआधी, घरात कुणी नसताना, आईला समोर बसवून एकदा सांगा. 'प्रभू' नको, 'अगं' म्हणून सुरुवात करा. आणि आई, तेव्हा "चला, काहीतरीच तुमचं" म्हणत स्वयंपाकघरात जाऊ नकोस. पुरतं ऐकून घे. मग ते बायबल काढ आणि त्या पिवळ्या पानांबद्दल तुला जे वाटतं ते त्यांना सांग.

आम्ही आदल्या शुक्रवारी रात्री पोचतो.

तुमची,
बेबी