सायकल पुन्हा बाहेर काढताना

महोदय,

पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्या काळात मी कोथरूडहून डेक्कनला कॉलेजला सायकलवर जात असे. आज त्रेपन्नाव्या वर्षी शिवाजीनगरच्या ऑफिसलाही सायकलनेच जाते. मध्ये मात्र दीड वर्ष ती जिन्याखाली धूळ खात पडून होती.

निमित्त झालं पावसाचं. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, पडले, कोपर सोलवटलं. पाऊस संपला की काढू म्हटलं, मग दिवाळी झाल्यावर, मग थंडी कमी झाल्यावर. स्कूटरची सवय लागली. खरं सांगायचं तर अपघातापेक्षा गुडघेदुखीचीच धास्ती होती. येताना पौड फाट्यानंतरचा चढ आठवला की सकाळीच हात स्कूटरच्या किल्लीकडे जायचा.

शेजारच्या मुलीने सायकल मागितली म्हणून दुरुस्तीला नेली. ब्रेक शू, दोन्ही ट्यूब बदलल्या, चेनला तेल घातलं. कारागिराने मला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "ताई, सीट फार खाली आहे. पॅडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा." त्यांनी सीट दोन इंच वर घेतली. त्या संध्याकाळी गल्लीत चार फेऱ्या मारल्या, गुडघा दुखला नाही! इतकी वर्षं मी वयाला दोष देत होते. सायकल मग मुलीला दिलीच नाही. तिच्यासाठी दुसरी शोधून दिली.

रोज जायचंच असा पण केला नाही. आधी फक्त सोमवार आणि गुरुवार. चाकांतली हवा आदल्या रात्रीच तपासायची, कोरडा कुर्ता ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. तिसऱ्या महिन्यात मंगळवारीही आपसूक सायकलच काढली.

उरलेल्या अडचणी मात्र माझ्या हातातल्या नाहीत. जंगली महाराज रस्त्यावर सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि मला बसच्या पुढ्यात उतरावं लागतं. ऑफिसात सायकल कुठे लावू विचारलं, तर कचऱ्याच्या डब्यांशेजारची जागा दाखवली. छपराखाली चार सायकलींचा स्टँड आणि तोंड धुवायला जागा, एवढं प्रत्येक ऑफिसने करावं. माझ्या विभागातल्या दोघीजणी त्यासाठीच थांबल्या आहेत. आणि दुचाकीस्वारांनो, निदान सकाळी नऊ ते दहा तेवढा ट्रॅक मोकळा ठेवा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे