शनिवारच्या सरावाला येताना स्वतःचा परिच्छेद आणा

सर्वांना नमस्कार. विद्यापीठ-पूर्वतयारीचा पुढचा वर्ग शनिवारी नेहमीच्या वेळी आहे. स्वतः लिहिलेला एक परिच्छेद आणि तो ज्यावरून लिहिला तो मूळ लेख, दोन्ही सोबत हवेत.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी दोन-तीन शब्द बदलून त्यालाच 'आपल्या शब्दांत' म्हटलं. 'तापमान वाढल्याने उत्पादन घटते' याचं 'उष्णता वाढल्यामुळे उत्पन्न कमी होते' केलं, तरी वाक्य मूळ लेखकाचंच राहतं. लेख मिटून ठेवा, कुणाला तरी तोंडी समजावून सांगा आणि मग लिहायला बसा. शब्द आपले झाले तरी विचार दुसऱ्याचा आहे, म्हणून संदर्भ द्यायचाच. तो राहिला तर विद्यापीठात ते वाङ्मयचौर्य धरलं जाऊ शकतं, अगदी नकळत झालं असलं तरी. ही सवय तुम्हाला आत्ताच लागावी, असं मला मनापासून वाटतं.

५ मिनिटांची सादरीकरणंही होतील. साधारण ६०० शब्द पुरतात. कागद वाचून दाखवू नका, मुद्द्यांची चिठ्ठी चालेल. ज्यांना वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो, त्यांनी एक प्रश्न घरूनच लिहून आणा.

येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.