आईशी बोललात, त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जीवाश्मांचं टेबल मांडून बसलेल्या स्वयंसेविका, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे आहे. हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी लिहिते आहे. त्या दिवशी घसा इतका दाटून आला होता की 'थँक यू'च्या पुढे शब्दच फुटला नाही.

माझ्या आईची नजर काचबिंदूने गेली आहे. त्याच प्रवासात, आधीच्या शहरातल्या एका संग्रहालयात आम्हाला दारातच विचारलं गेलं, "यांना आत काय दिसणार?" विचारलं मला, तिच्यादेखत. आत तिचा हात चुकून एका चौथऱ्याला लागला, तर रखवालदार माझ्यावर खेकसला. ती तिथे असून नसल्यासारखी. उरलेला दिवस ती काही बोलली नाही. लंडनला तर "तू बघून ये, मी बाकावर बसते" म्हणत होती.

तुम्ही खुर्चीतून उठलात, तिच्यासमोर येऊन वाकलात आणि तिला विचारलंत, "हातात घेऊन बघणार का?" भाषांतर मी करत होते, पण तुमचा आवाज शेवटपर्यंत तिच्याकडे होता. आंधळ्या माणसाला आवाजाची दिशा लगेच कळते, ताई. मला एकदम तिची पाठ ताठ झालेली दिसली.

मग तो अ‍ॅमोनाइट, वेटोळ्या शंखाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म. तुम्ही तिचं बोट वेटोळ्याच्या अगदी मध्यावर टेकवलंत आणि सोडून दिलंत. बोट गोल गोल फिरत बाहेर येऊ लागलं, कंगोरे मोजत. वाढताना हा जीव पुढे नवी खोली बांधायचा, मागची बंद करायचा, राहायचा मात्र शेवटच्या खोलीत. मागच्या खोल्यांतल्या वायूमुळे तो पाण्यात तरंगायचा, असं तुम्ही सांगितलंत. आई म्हणाली, "म्हणजे लहानपण पाठीवर घेऊनच फिरायचा की." मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं आणि तुम्ही हसलात, तेही तिच्याकडे बघून. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला जीव माझ्या आईच्या तळहातावर होता. तुम्हाला कसलीच घाई नव्हती.

सगळ्याच वस्तूंना हात लावू देता येत नाही, हे मलाही कळतं. हाताच्या घामाने, तेलाने त्या खराब होतात. पण चार दणकट जीवाश्म, दोन प्रतिकृती बाहेर ठेवायला काय जातं? तुमच्या म्युझियमच्या मुख्य दालनात वर्षानुवर्षं लोकांनी डोळे भरून पाहिलेला डिप्पी डायनासोरही प्लॅस्टरचीच प्रतिकृती होता. कुणाचा आनंद त्याने कमी झाला नाही.

आणि तो निळा देवमासा, 'होप'. १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ किनाऱ्याला लागलेली मादी, तिचा सांगाडा २०१७ पासून त्या दालनात छताला टांगलेला. २५.२ मीटर म्हटलं तर आईला काय कळणार? तुम्ही टेबल सोबतिणीवर सोपवलंत, आईचा हात आपल्या कोपरावर घेतलात आणि सांगाड्याखालून, जबड्यापासून शेपटीपर्यंत तिला चालवत नेलंत. ती मराठीत पावलं मोजत होती. तिसाच्या पुढे तिचा आवाज चढला. आजूबाजूची मुलं थांबून बघत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

परतीच्या विमानात शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "आईंना काय काय दाखवलंत?" उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तिच्या वाटची उत्तरं मीच देत आले आहे. या वेळी मात्र मी गप्प राहिले.

"देवमासा पाहिला," आई म्हणाली. "६२ पावलांचा."

तुमची,
तिची मुलगी