शनिवारातला आमचा बोळ आणि परटाच्या खुणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ जुलै आला की आपल्या दैनिकात पुण्यातल्या १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण निघते. धरण कसं फुटलं, जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती कशी रचली, लकडी पूल पाण्याखाली कसा गेला, हे सगळं छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण ज्या गल्ल्यांमधून ते पाणी गेलं तिथं कोण राहत होतं, याची नोंद मला कुठं सापडत नाही. सांगणारे आता थोडे उरले आहेत. मी त्यांतली एक, म्हणून हे पत्र.

माझं माहेर शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अंगाला. तिथून अष्टभुजेच्या देवळाकडे यायला जे बोळ होते त्यांतला एक आमचा. इतका अरुंद, की घाटावर न्यायची तिरडी कोपऱ्यावर वळवताना खांदेकऱ्यांपैकी दोघांना आमच्या ओट्यावर चढावं लागे. वाड्याला दोन चौक आणि नऊ बिऱ्हाडं. पहिल्या चौकात मालक आणि एक मास्तर, मागच्या चौकात आम्ही आणि पापड लाटून देणाऱ्या एकट्या आजी. समोर वैद्यांचं घर, त्याला लागून कासारांचं दुकान, पलीकडे गवळ्यांचा गोठा. बोळाच्या नदीकडच्या टोकाला परीट.

परटाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. आमच्या बोळातली साठेक बिऱ्हाडं त्यांना तोंडपाठ होती. लिहिता येत नव्हतं. प्रत्येक घराच्या कपड्यांवर बिब्ब्याच्या न निघणाऱ्या काळ्या रसानं करायची खूण ठरलेली: कुणाची तीन ठिपके, कुणाची फुली, कुणाची नुसती आडवी रेघ. आमची दोन ठिपके आणि त्यांखाली रेघ. बिऱ्हाड सोडून गेलं तर ती खूण ते लगेच दुसऱ्या कुणाला देत नसत. कोण कुणाचं, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाकडे सुतक आहे, हे त्यांना गाठोड्यावरून कळायचं. बोळाची खानेसुमारी त्यांच्याकडे होती म्हणा ना.

त्या दिवशी बुधवार होता. पालख्या पुण्यातून पुढे जाऊन थोडेच दिवस झाले होते. पाऊस लागून राहिलेला. सकाळी धरण फुटल्याची आवई आली, पण मोठी माणसं म्हणाली, नदी दरवर्षीच चढते. मी आठ वर्षांची. मला पाणी पहिल्यांदा दिसलं ते नदीकडून आलेलं नव्हे, तर मागच्या चौकातल्या न्हाणीच्या मोरीतून वर आलेलं. काळं, आवाज न करता. आईनं स्टोव्ह विझवला, देव परकराच्या ओच्यात बांधले आणि आम्हाला घेऊन निघाली. पापडवाल्या आजी येईनात. त्यांना मास्तरांनी पाठुंगळीला मारलं. आम्ही लक्ष्मी रस्त्याच्या बाजूच्या एका शाळेत पोचलो आणि दोन दिवस तिथंच राहिलो.

वाडे पाण्यानं पडले असं सरसकट म्हणतात. आमच्याकडे पाणी होतं तोवर वाडा उभा होता. जोतं दगडी, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि भिंती पांढरीच्या मातीच्या. मातीनं पाणी पिऊन घेतलं आणि पूर ओसरल्यावर भिंती बसल्या. वडील तिसऱ्या दिवशी सामान पाहायला गेले तेव्हा आमची माडी मागच्या चौकात उतरलेली होती. वैद्यांचं घर राहिलं, पण त्यांच्या औषधांच्या कपाटाचे खण उघडेनात. आतला हिरडा, सुंठ, मुळ्या पाण्यानं फुगल्या होत्या. शेवटी सुताराकडून खण फोडले. ऊन पडलं तसा चिखलाच्या वासात सुंठीचा वास मिसळला आणि तो श्रावणापर्यंत बोळातून हलला नाही. खडकवासला धरणही फुटल्यामुळे नळ कोरडे होते. वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेल्या आडांवर पोहरे वाजू लागले.

परटाच्या घरी त्या दिवशी धुणं पडलेलं होतं. सगळं गेलं. ते दारोदार, म्हणजे जिथं दार उरलं होतं तिथं, जाऊन सांगत होते की तुमचे इतके नग माझ्याकडे होते. आमचे चौदा, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आई म्हणाली, अहो दादा, आमचं घरच गेलंय. तरी त्यांनी आकडा पुन्हा सांगितला.

नंतर शासनानं पुनर्वसनाचं काम सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं आणि ते झपाट्यानं झालं, हे कृतज्ञतेनं नोंदवते. पण त्यातच बोळ विखुरला. कुणी गोखलेनगरला निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरांत, कुणी दत्तवाडीला, कुणी लोकमान्यनगरात, आम्ही पूरग्रस्तांच्या सोसायटीत सहकारनगरला. तेव्हा तिथं दिवसाढवळ्या साप निघत. पापडवाल्या आजी भाच्याकडे सांगलीला गेल्या. परीट कुठं गेले ते वडिलांनी पुष्कळ चौकशी करूनही कळलं नाही.

मी अधूनमधून अजून तिथं जाते. वाड्याच्या जागी दोनदा इमारत झाली. शेजारच्या पक्क्या घराच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, ‘१२-७-६१’ असं लिहून पाण्याची रेघ मारलेली होती. गेल्या वर्षी ते घर पाडलं. आधी बांधकाम करणाऱ्यांना मी हात जोडून म्हटलं होतं की तेवढा तुकडा काढून नव्या भिंतीत बसवा. हो म्हणाले. नंतर गेले तर राडारोडा उचलून नेलेला होता. याचं मला अतिशय वाईट वाटलं, आणि वाटतं आहे.

नामवंतांच्या घरांवर महापालिका निळे फलक लावते. तशीच पुराची रेघ जिथं जिथं शिल्लक आहे तिथं पालिकेनं ती जपावी, आणि पुनर्विकासाच्या परवानगीतच तशी अट घालावी, ही माझी मागणी आहे. आपल्याला विनंती एवढीच, की आठवड्यातून एकदा कोपऱ्यातली चार बोटं जागा द्यावी. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतल्या जुन्या रहिवाशांनी आपला बोळ, वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं तिथं लिहून पाठवावीत.

आमच्या बोळातली एकेचाळीस बिऱ्हाडं मला आठवतात. ती यादी सोबत जोडली आहे. बाकीच्यांपैकी काहींच्या फक्त खुणा आठवतात, नावं नाहीत. त्या खुणा यादीखाली काढल्या आहेत. त्या छापता आल्या तर पाहा, कुणीतरी ओळखेल. आईचं एक लुगडं पुरात नेसूचं होतं म्हणून वाचलं. त्याच्या काठाजवळ ते दोन ठिपके आणि रेघ अजून स्पष्ट दिसते.

आपली नम्र,
एक वाचक, सहकारनगर, पुणे