वावरात पाठवण्याआधी माणसाला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निसर्गाच्या सान्निध्यात मन बरे होते, हे हल्ली जाहिरातींपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडला होता. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती व मन बरे असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. मात्र मुळात प्रकृती बरी असलेलेच जास्त बाहेर पडतात, हेही त्यामागचे कारण असू शकते. अशा आकड्यांच्या जोरावर 'गोळ्या बंद करा आणि डोंगरावर चला' असे कोणी सांगत असेल, तर तो रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

आपल्याकडे तर हा सल्ला घरबसल्या मिळतो. माणूस गप्प झाला, जेवेनासा झाला, की 'वावरमा जाय' म्हणून त्याला शेतात पाठवतात. पण ज्याच्या कपाशीवर सोसायटीचे कर्ज आहे, त्याला वावर दिसले की कर्जच दिसते. शिवाय शेतातल्या खोलीत फवारणीची औषधे असतात आणि विहिरीला कठडा नसतो. खचलेल्या माणसाला तिथे एकटे पाठवणे हा उपचार नव्हे. निसर्गाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाने पहिल्याच भेटीत, बंद खोलीत, 'जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचे विचार येतात का' असे सरळ शब्दांत विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या दिवशी फिरणे-बिरणे नाही. माणसाला एकटे सोडायचे नाही, फवारणीच्या औषधांचे डबे त्याच दिवशी कुलपात जातील, किल्ली दुसऱ्याकडे राहील आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जायचे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतून बोलता येते.

म्हणून समुपदेशकाची मूल्ये आधी आणि झाडे नंतर. निसर्ग म्हणजे काय, हे आपण ठरवायचे नाही, समोरच्याला विचारायचे. रोज डोक्यावर सरपणाचा भारा वाहणाऱ्या बाईला जंगलात विसावा मिळेल असे गृहीत धरता येत नाही. सातपुड्यातल्या पावरा किंवा भिल्ल माणसाला जंगल हे घर आहे, देव आहे, रोजी आहे. त्याला झाडे 'अनुभवायला' शिकवणारे आपण कोण? याउलट आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कडुनिंबाला बांधलेला झोका आणि माहेरी आलेल्या बहिणी ही आठवण एखाद्या सासुरवाशिणीला इतका धीर देते, की तिथूनच बोलणे सुरू करावे. आणि ते अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत, ज्या बोलीत ती रडते त्या बोलीत व्हावे. प्रमाण मराठीचा आग्रह धरला की माणूस तपासणीला आल्यासारखा नीटनेटकी उत्तरे देऊ लागतो.

खोलीबाहेर चालत-बोलत घ्यायच्या समुपदेशनाच्या भेटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. रस्ता आधी स्वतः चालून पाहावा. सपाट, सावलीचा, सहाशे ते आठशे मीटरचा फेरा पुरे. बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह आणि पाणी हवे. पन्नास मिनिटांतली पहिली दहा बसून, पुढची वीस-पंचवीस सावकाश चालत, उरलेली पुन्हा बसून. शेवटचे बसणे कधीही गाळू नये. चालताना माणूस मोकळा होतो, जुनी जखम उघडते आणि वेळ संपली म्हणून त्याला तसेच रिक्षात बसवून दिले, तर तो दिवसभर सैरभैर राहतो. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून पुरुषांना आणि कॉलेजच्या मुलांना हे विशेष सोपे जाते. अत्याचार किंवा अपघात सोसलेल्या माणसाला 'डोळे मिटा, शांत व्हा' असे मुळीच सांगू नये; मिटल्या डोळ्यांपुढे तोच प्रसंग उभा राहू शकतो. डोळे उघडे ठेवून दिसणाऱ्या पाच वस्तू, कानावर येणारे तीन आवाज, हाताला लागणारी एक खरबरीत साल, एवढ्यावर लक्ष आणावे. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. घुसमटल्यासारखे झाले तर लगेच थांबवावे.

ओळखीचे कोणी भेटणारच. जळगावचा मेहरूण तलाव असो की धुळ्यातले एखादे मैदान, खान्देशात दोन वळणांत पाहुणा निघतो. तेव्हा काय म्हणायचे हे आधीच ठरलेले असावे: ओळख करून द्यायची की नाही, हे रुग्ण ठरवेल आणि समुपदेशक आपणहून तोंड उघडणार नाही. हे संमतिपत्रात लिहून घ्यावे. ते मान्य नसेल तर भेट खोलीतच होईल, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता उन्हाचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांचा उन्हाशी थेट संबंध आहे. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे गेले की रक्तातले लिथियम वाढते. हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठावा. चालून पाय दुखले म्हणून मेडिकलवरून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही लिथियम वाढवते. मानसविकृतीवरची काही औषधे आणि त्यांच्या जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी घाम कमी येतो, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. मानसविकृतीवरचेच क्लोरप्रोमॅझिन घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये सकाळी आठच्या आत सगळे उरकावे, सोबत पाणी ठेवावे, आणि गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय कोणालाही उन्हात नेऊ नये. डोस कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम. समुपदेशकाने त्यात पडू नये. पावसाळ्यात गाजरगवताने दमा आणि अंगाची खाज उठते. बंद बूट घालावेत आणि ज्या झाडावर आग्या मोहोळ आहे तिथे बसू नये.

ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी कुंडी आहे, आणि तीही नीट विचार करून द्यावी. नैराश्यात माणसाला लांबचे दिसत नाही, म्हणून आंब्याची कोय न देता मेथी द्यावी. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. आपली नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. दाणे रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरले की चार-पाच दिवसांत अंकुर दिसतात, तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. पाणी सकाळी, बोट घालून माती कोरडी लागली तरच. काळजीपोटी दिवसातून तीनदा पाणी घातले की रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. आणि इथेच खरा धोका आहे: 'माझ्या हाताने काहीच जगत नाही' हा रुग्णाचा जुना समज त्या मेलेल्या रोपांनी पक्का होतो. म्हणून चार-चार दिवसांच्या अंतराने तीन कुंड्या पेराव्यात, एखादी मरू शकते हे आधीच सांगावे, आणि मेली तर तिच्याबद्दल पुढच्या भेटीत बोलावे. ते बोलणे पुष्कळदा भाजीपेक्षा मोलाचे असते.

निसर्गात नेऊन मन बरे करू म्हणणाऱ्या शिबिरांबाबत वाचकांना सांगणे एवढेच, की पैसे भरण्याआधी चौकशी करा. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असते. ती दाखवायला सांगा. चालू गोळ्यांची विचारपूस होते का, रात्री कोणाची तब्येत बिघडली तर जवळचा दवाखाना कोणता, हे विचारा. रात्रभर जागरणाचे ट्रेक आणि ध्यान बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असलेल्यांसाठी घातक ठरू शकतात, कारण झोपमोडीने उन्मादाचा झटका येऊ शकतो. शिबिरात रडणाऱ्या माणसांचे फोटो स्टेटसवर टाकणारा आयोजक तर दारातही उभा करू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या माहितीला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि उपचार केंद्रातील रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई करतो. वृत्तपत्रांनीही 'औषधांशिवाय नैराश्यमुक्ती' अशा जाहिराती घेताना जाहिरातदाराची नोंदणी मागावी, ही आपणास विनंती.

आणि खान्देशातील नगरपालिका-महापालिकांकडे एक मागणी. उन्हाळ्यात उद्यानांची फाटके पहाटे साडेपाचला उघडावीत. फिरण्याच्या रस्त्यावर दर शंभर-दीडशे मीटरवर पाठ टेकता येईल असा बाक, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी कुलूप लावून बंद न ठेवलेले स्वच्छतागृह असावे. शोभेच्या विदेशी झाडांऐवजी कडुनिंब, करंज, पिंपळ लावावेत आणि पहिले तीन उन्हाळे त्यांना टँकरने पाणी घालण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी.

आपला,
एक समुपदेशक, जळगाव जिल्हा