आमच्या यानात माणसं आणणाऱ्या नानांना

ती. नाना,

साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचं बोलायला लागलं की तुम्ही हात झटकता आणि आत चहा टाकायला सांगता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुमची नात वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

शाहू कला मंदिरातल्या प्रयोगानंतर आत भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. परग्रहावरचं ते जे काही आहे ते रंगमंचावर एकदाही येत नाही, त्याला आवाज नाही, रंग नाही, मग एवढी धास्ती कशानं बसली? दर वेळी आम्ही तुमचं नाव सांगितलं. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. तुम्ही काय दिलंत तेही लोकांना कळायला हवं.

ज्यांनी एकांकिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दूरच्या एका ताऱ्याकडे निघालेलं यान, आत सात माणसं. धुळीच्या एका ढगातून जाताना काहीतरी यानात शिरतं. त्याला शरीर नाही, त्याला काय हवंय ते कळत नाही. एकमेकांवर जीव टाकणारी ही माणसं हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात. एवढा सांगाडा आमच्याकडे होता. पण जीव टाकण्यापासून जिवावर उठण्यापर्यंतचा रस्ता कसा असतो, हे आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. कॅप्टनचं काम करणारी आमची मैत्रीण तुमच्या गावची. ती म्हणाली, आमच्या आळीत एक नाना आहेत, सैन्यात मेकॅनिक होते, अंटार्क्टिकावर आपल्या ‘मैत्री’ तळावर अख्खा हिवाळा राहून आलेत.

तुम्ही ओसरीवर गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतलीत. हसला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, “त्या यानात जनरेटर कोण बघतंय?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग म्हणालात, “आणि जेवायला समदी एकत्र बसत्यात का आपापलं घेऊन जात्यात?” त्या दोन प्रश्नांवर आमची अख्खी संहिता पुन्हा उभी राहिली, नाना.

साताऱ्यात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं सियाचिन, लडाख ही नावं आमच्या कानावरून लहानपणापासून जातात. पण अंटार्क्टिका नव्हती गेलेली. तुम्ही सांगत गेलात तसा तो तळ दिसायला लागला. प्रियदर्शिनी तलावाच्या काठचा, बर्फाच्या मधल्या उघड्या खडकावरचा. तलावातून पाणी आणणारा नळ गोठू नये म्हणून चाललेली धडपड. शेवटचं जहाज परतलं की मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी येत नाही, कुणी जात नाही. मे संपता संपता सूर्य मावळतो तो जुलैच्या अखेरीकडे पुन्हा दिसतो. पंचवीसेक माणसं, तेच चेहरे, तीच टेबलं, रात्रंदिवस जनरेटरचा आवाज. तुम्ही म्हणालात की त्या आवाजात जरासा फरक पडला तरी झोपेतून सगळे एकदम जागे व्हायचे. आमच्या नाटकाची सुरुवात आता तशी आहे. अंधार, यंत्राची घरघर, आणि ती किंचित बदलल्यावर एकापाठोपाठ एक उघडणारी सात दारं. संवाद एकही नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात, तुमच्या ती लक्षातही नसेल. “आमी भांडत न्हवतो फारसं. का, तर शिव्या घालायला देशातली कचेरी हुती.” सामान उशिरा आलं, कचेरी. निरोप नीट कळला नाही, कचेरी. रात्री पत्ते खेळताना सगळे मिळून लांबच्या त्या माणसांवर तोंडसुख घ्यायचे आणि हलके होऊन झोपायचे. कचेरीतली माणसं चांगलीच होती, हेही तुम्ही लगेच सांगितलंत. पण ती लांब होती, त्यांच्यावरचा राग जेवणाच्या टेबलावर परत येत नव्हता.

त्या रात्री घरी जाऊन मी शोधायला बसलो. मॉस्कोत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा जणांना ५२० दिवस एका बंद यानासारख्या जागेत ठेवलं होतं, मंगळाच्या प्रवासाची तालीम म्हणून. ‘मार्स-५००’ नावाचा प्रयोग. त्या सहा जणांनी आपापसातल्या खटक्यांपेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट जास्त नोंदवले होते. वाचून मी तसाच बसून राहिलो. तुम्ही ओसरीवर सुपारी कातरत सांगितलंत तेच हे.

मग आमच्या त्या अदृश्य गोष्टीनं काय करायचं ते ठरलं. ती कुणाच्या डोक्यात द्वेष भरत नाही, कुणाला झपाटत नाही. ती फक्त पृथ्वीशी बोलणं बंद करते, तेही असं की बिघाड वाटावा. आठवडा जातो, महिना जातो, आणि रोज पृथ्वीवर काढला जाणारा राग यानातच फिरायला लागतो. त्याला बाहेर पडायला दार नाही. बाकी सगळं ती माणसं स्वतःच करतात. एक समीक्षक आम्हाला म्हणाले, तुमचा परग्रहवासी फार कमी काम करतो. मला तर तेच त्याचं भयंकर वाटतं. एवढंच केलं तरी पुरतं, हे त्याला माहीत आहे.

जेवणाचंही तसंच. तळावर शास्त्रज्ञ असो, डॉक्टर असो की मेकॅनिक, स्वयंपाकघराची पाळी प्रत्येकाला, आणि कितीही वाजलं असलं तरी टेबलावर बसूनच जेवायचं. तुम्ही लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितलीत. दोघांचं वाजलं, बरणी कुणी रिकामी केली यावरून, आणि पुढं कितीतरी दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. पण रोज समोरासमोर जेवायला बसावं लागत होतं, पोळीचा डबा पुढं सरकवावा लागत होता. एक दिवस डबा सरकवताना एकाच्या तोंडून “घे” निघून गेलं, आणि संपलं. आमच्या नाटकात दुसऱ्या प्रवेशाच्या अखेरीला एक जण ताट उचलून आपल्या खोलीत जातो. बस. तिथं प्रेक्षागृहात जी शांतता पसरली तशी मी आमच्या कुठल्याच प्रयोगाला अनुभवलेली नाही. मारामारी त्याच्या पुष्कळ नंतर आहे, पण लोकांना त्या ताटापाशीच कळलं होतं.

ऑक्सिजनचा प्रवेशही तुमचाच. तालमीला आलात आणि मध्येच थांबवून म्हणालात, “ही माणसं आधी हवा तपासतील न्हवं? उंचावर हवा पातळ झाली की जवान पहिला चिडचिडा हुतो.” अगदी खरं होतं. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या ‘बायोस्फिअर २’मध्ये १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत राहिली. त्यांचे चार-चार जणांचे दोन तट पडले. आणि याच काळात आतल्या हवेतला ऑक्सिजन जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला होता, शेवटी बाहेरून सोडावा लागला. तट पडायला तेवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण आमच्या इंजिनिअरच्या हातात आम्ही मापक दिला. तो धावत जाऊन हवा मोजतो, सगळे आशेनं त्याच्याकडे बघतात. आकडा एकवीस. हवेत काही बिघडलेलं नाही. हा आकडा सांगताना आमच्या नटाचा आवाज दर प्रयोगाला कापतो आणि तो मुद्दाम कापवत नाही.

तळावरच्या डॉक्टरांकडून ऐकलेली ‘बेल्जिका’ जहाजाची हकिकत तुम्ही सांगितलीत, ती मात्र मला सगळ्यात प्रिय आहे. १८९८ साली ते जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलं आणि वर्षभर अडकून राहिलं. लांबच्या रात्रीत माणसं खचली, काहींचं डोकं फिरायला लागलं. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्यांना पेंग्विनचं आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं आणि रोज थोडा वेळ पेटत्या शेगडीसमोर उभं केलं. ऊब आणि उजेड. आमच्या डॉक्टरीणबाई यानातल्या रोपांच्या दिव्याखाली एकेकाला बसवतात, जबरदस्तीनं, हाताला धरून. नाटकात त्या अदृश्य गोष्टीची पकड पहिल्यांदा सैल होते ती तिथं. तुम्ही नसता तर आम्ही तिथं काहीतरी शस्त्र दाखवलं असतं.

आणि पेढे. २१ जूनला, तिकडच्या सगळ्यात लांब रात्रीच्या दिवशी, अंटार्क्टिकावरचे सगळ्या देशांचे तळ सण करतात. घरून नेलेला कंदी पेढ्यांचा डबा तुम्ही बाहेर बर्फात पुरून ठेवला होता आणि त्या दिवशी उकरून काढलात. बंगालचा, केरळचा, पंजाबचा, प्रत्येकाच्या हातावर एक. हे सांगताना तुम्ही थोडा वेळ थांबलात. आम्ही कुणी काही विचारलं नाही. नाटकात हा प्रसंग घेतलेला नाही, कारण तो तुमचा आहे.

प्रयोग संपल्यावर बाकीचे कौतुक करत होते तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. “बोलणं परत सुरू झाल्यावर ती एकमेकांच्या गळ्यात पडत्यात, तसं हुत न्हाई. लाज वाटती. कुणी वर बघत न्हाई.” किती दिवस लागतात, मी विचारलं. म्हणालात, “काम निघालं पायजे काहीतरी.” शेवट आम्ही बदललाय. पृथ्वीचा आवाज येतो, सातही जण आपापल्या जागी उभे, आणि मग इंजिनिअर खाली मान घालूनच विचारतो, फिल्टर बदलायचा राहिलाय, कोण येतंय? कॅप्टन पाना उचलते.

पाना कसा धरायचा ते मात्र तिला अजून जमत नाही. पुढच्या महिन्यात सांगलीला भावे नाट्यमंदिरात प्रयोग आहे, त्याआधी एकदा तालमीला येऊन तेवढं दाखवा. सांगलीलाही तुम्ही यायचंच आहे. घरून न्यायला गाडी येईल, काकूंनाही बरोबर घ्या, पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुमच्या नावानं ठेवल्यात. पत्रिकेत तुमचं नाव घालू नका म्हणालात ते आम्ही ऐकलं. आभार मानू नका म्हणालात, ते ऐकणार नाही.

तुमचेच,
यानातले सातही जण, आणि पडद्यामागचे आम्ही सगळे
सातारा