मैदानात पाणी मागायला पोरं लाजतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयपीएलच्या मागच्या सीझनला पोराला आणि भाच्याला घेऊन सांगलीहून मॅच बघायला गेलो होतो, मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरून चपात्या आणि भडंगाची पुडी नेलेली, ती गेटवरच काढून घेतली, पाण्याच्या बाटल्या पण. बाटल्यांचं मला पटतं, लोक मैदानात फेकतात, पण भडंगाचा काय त्रास ते कुणी सांगितलं नाही. आत पाण्याचा ग्लास ५० रुपये. बाटली फोडून ग्लासात ओतून देतात, म्हणजे छापलेली एमआरपी आपल्या हातातच येत नाही. दोन समोसे शंभरला. दुसऱ्या इनिंगला भाचा पाणीच मागेना, मामाचा खर्च होतोय म्हणून, ११ वर्षांचं पोरगं हो, ते मला अजून लागून राहिलंय.

स्टॉलवरच्या पोराला विचारलं एवढा रेट का, तर म्हणाला आम्ही नाही लावत, मालकानं स्टॉलचं भाडंच एवढं भरलंय की चार तासांत ते निघायला पाहिजे. खरी गोम इथं आहे. ज्याची बोली मोठी त्याला स्टॉल, आणि ती बोली शेवटी समोश्यातनं वसूल होते, कारण गिऱ्हाईक जाणार कुठं, एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. माणूस पुढच्या वर्षी परत यावा असं टीमला वाटत असेल, ठेकेदाराला कशाला वाटेल, तोवर ठेका दुसऱ्याकडं गेलेला असतो.

तिकिटाचं मी समजू शकतो. खुर्च्या ठराविक, मागणी भरपूर, वर २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे हजाराचं तिकीट चौदाशेला पडतं. पण २०२३ ते २०२७ चे नुसते मीडिया राइट्स, म्हणजे टीव्ही-मोबाइलवर मॅच दाखवायचे हक्क, ४८,३९० कोटींना गेलेत, मग पाण्याच्या ग्लासावर काय अडलंय?

रेट उतरवले की धंदा बसतो असंही नाही. अमेरिकेत अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम २०१७ ला सुरू झालं तेच दोन डॉलरला हॉट डॉग आणि दोन डॉलरला कोल्ड्रिंक, ते पण परत परत भरून घ्या. जुन्या मैदानापेक्षा रेट निम्मे केले तरी माणशी खर्च १६ टक्के वाढला, लोक लवकर येऊन आतच खायला लागले. आणि आपल्याकडं पण जमलंय की, २०२३ च्या वर्ल्ड कपला बीसीसीआयनं प्रेक्षकांना पाणी फुकट जाहीर केलं होतं, २०२५ च्या महिला वर्ल्ड कपला, जो आपल्या सांगलीची स्मृती मंधाना खेळली आणि जिंकली, लीग मॅचची तिकिटं १०० रुपयांपासून होती. एसटी सुद्धा थांब्यावरच्या हॉटेलात ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायची अट घालते, सगळीकडं पाळत नसतील पण दाखवायला नियम तरी आहे.

तेव्हा स्टॉलचं टेंडर काढतानाच वडापाव, समोसा, चहाचा कमाल रेट त्यात लिहा, भले भाडं थोडं कमी येऊ दे. ते रेट तिकीट बुक करतानाच दिसू देत म्हणजे माणूस घरून हिशोब करून निघेल. आणि प्रत्येक स्टँडला पिण्याच्या पाण्याचे नळ, फुकट, लहान पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, विश्रामबाग, सांगली